मोर्चा आपला, मग मसुदा कोणाचा?

कोणत्याही जयंतीच्या सभेत एक प्रश्न विचारून पाहावा. ॲट्रॉसिटी कायदा कोणी आणला? एक जण राजीव गांधींचे नाव घेईल, दुसरा व्ही. पी. सिंगांचे, तिसरा थेट बाबासाहेबांचे. तिघांच्याही उत्तरात तथ्य आहे. कायदा संसदेत मंजूर झाला १९८९ साली, राजीव गांधींच्या कारकीर्दीत. तो अंमलात आला ३० जानेवारी १९९० रोजी, तेव्हा व्ही. पी. सिंग पंतप्रधान होते. आणि अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या ज्या अनुच्छेद १७ च्या पायावर तो उभा आहे, ते संविधान परमपूज्य बाबासाहेबांचे. पण पी. एस. कृष्णन हे नाव त्या सभेत बहुधा कोणी घेणार नाही. १० नोव्हेंबर २०१९ रोजी हा माणूस गेला. किती विहारांत त्यांच्यासाठी आदरांजलीची सभा झाली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

कृष्णन मूळचे केरळचे, १९५६ च्या तुकडीतले आय.ए.एस. अधिकारी, आंध्र प्रदेश केडरचे. जन्माने ते दलित नव्हते. तरुणपणी अधिकारी म्हणून त्यांनी आंध्रातल्या दलित वस्त्यांत जाऊन सरकारी मुक्काम टाकले, तिथेच बसून जमिनीची आणि घरांची प्रकरणे निकाली काढली. परिणाम काय झाला? वरिष्ठांनी त्यांच्या गोपनीय अहवालात शेरे मारले. हा अधिकारी मागासलेल्यांची नको तितकी बाजू घेतो, आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार करतो, संस्कृतच्या ज्ञानाचा उपयोग धर्माला खोडून काढण्यासाठी करतो, गावकामगारांपेक्षा गावकऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, अशा आशयाचे ते शेरे होते. मनुवादी व्यवस्थेने एखाद्या अधिकाऱ्याला दिलेले यापेक्षा चांगले प्रमाणपत्र माझ्या पाहण्यात नाही.

हेच कृष्णन १९७८ नंतर केंद्राच्या गृहमंत्रालयात संयुक्त सचिव होते. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना, म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात नियोजनातला पैसा वेगळा काढून ठेवण्याची कल्पना, त्यांच्या टेबलावरून पुढे गेली. अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता. १९९० साली ते केंद्रीय कल्याण मंत्रालयाचे सचिव झाले. रामविलास पासवान मंत्री होते. मंडल आयोगाची अंमलबजावणी करण्याचे प्रकरण याच मंत्रालयातून मंत्रिमंडळापुढे गेले. अनुसूचित जाती-जमाती आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी ६५ वी घटनादुरुस्ती त्याच वर्षाची. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्टही त्याच वर्षाची. बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत आणणारा १९९० चा कायदा क्रमांक १५.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण नव्या पिढीला तिची किंमत माहीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातला परिच्छेद ३ म्हणत होता की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. लाखो लोक एका दिवसात माणूस झाले आणि दिल्लीच्या कागदावर त्याच दिवसापासून सवलतींतून बाहेर पडले! महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राची नोकरी, केंद्राची शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ यांची दारे बंदच राहिली. १९६२ साली नागपूरच्या राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. बौद्ध झाला, म्हणून अनुसूचित जातीचा उरला नाही. ज्याला निवडणूक लढवायची, ज्याला रेल्वेत किंवा पोस्टात चिकटायचे, त्याने कागदावर हिंदू राहावे आणि घरात बुद्धवंदना घ्यावी, अशी ही दुहेरी कोंडी चौतीस वर्षे चालली.

आमच्या कोकणात ती फार जाचली. रत्नागिरी जिल्ह्यातला बौद्ध माणूस म्हणजे अर्धा बौद्धवाडीत आणि अर्धा मुंबईत. गिरणी, गोदी, रेल्वे, टपाल खाते. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे, यावर भावाभावांत मतभेद झाले. एकाने अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले, दुसऱ्याने पोटाचा विचार करून ‘हिंदू महार’ ठेवले. त्या दोन दाखल्यांची भांडणे जात पडताळणी समितीपुढे आजही येतात. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हटले की, नातू तहसील कचेरीत आजोबांच्या नावाचे कोतवाल बुक शोधत फिरतो. पान सापडले तर अक्षर लागत नाही, अक्षर लागले तर आडनाव जुळत नाही, कारण गावात असताना आडनाव कोणी लावतच नव्हते. जातपडताळणीच्या फाईली चाळताना मला नेहमी वाटते की, १९५६ साली त्या परिच्छेदात शिखांबरोबर ‘बौद्ध’ हा एक शब्द पडला असता तर किती घरांची परवड वाचली असती.

१९९० साली तो शब्द पडला. दुरुस्ती एवढीच. एक शब्द.

आता प्रश्न असा की, तो शब्द कोणी घातला? कृष्णन यांनी? व्ही. पी. सिंगांनी? की दादासाहेब गायकवाडांनी, ज्यांनी १९६४ साली लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचे निवेदन दिले आणि ६ डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह करून हजारो लोकांना घेऊन तुरुंग भरले? त्या मागण्यांत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणी होती आणि बौद्धांच्या सवलतींचीही होती. तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले. सवलती त्याच वर्षी जूनमध्ये मिळाल्या. दादासाहेब १९७१ सालीच गेले होते. मागणी करणारा पाहायला उरला नाही, आणि फाईल पुढे नेणारा अधिकारी त्या मोर्चात कधी नव्हता. दोघांतला एक जरी नसता तर काय झाले असते, याचा हिशोब आपण कधी मांडत नाही. आपण एक तर सारे श्रेय पंतप्रधानांना देतो, नाही तर ‘आमच्या मोर्चाने झाले’ म्हणून मोकळे होतो.

हा हिशोब अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी नीट मांडला आहे, म्हणून तिकडचे एक उदाहरण देतो. केनेडी १९६० च्या निवडणुकीत म्हणाले होते की, सरकारी मदतीच्या घरांतला वर्णभेद राष्ट्राध्यक्षाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्याने संपवता येतो. निवडून आल्यावर वर्षभर लेखणी हलली नाही. मग लोकांनी काय करावे? व्हाइट हाउसच्या पत्त्यावर टपालाने पेने पाठवायला सुरुवात केली. साहेब, तुमच्या पेनातली शाई संपली असेल तर हे घ्या! केनेडींनी ती सारी पेने हॅरिस वॉफर्ड या आपल्या सल्लागाराच्या कार्यालयात पाठवून दिली. हा वॉफर्ड गोरा माणूस. पण काळ्यांच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकलेला, तरुणपणी हिंदुस्थानात येऊन गेलेला. आदेश काढा म्हणून तो आतून सांगत होता आणि बाहेरून पेने येत होती. शेवटी २० नोव्हेंबर १९६२ रोजी आदेश निघाला. तोपर्यंत वॉफर्ड कंटाळून आफ्रिकेत दुसऱ्या कामावर गेला होता.

त्याच केनेडी-जॉन्सन काळात लुई मार्टिन नावाचा एक काळा पत्रकार पक्षकार्यालयात बसत असे. मिशिगनच्या काळ्यांच्या वर्तमानपत्राचा हा संपादक. फोटोत दिसायची त्याला हौस नव्हती. १९६० च्या ऑक्टोबरात मार्टिन ल्यूथर किंग जॉर्जियात तुरुंगात असताना केनेडींनी त्यांच्या पत्नीला फोन करावा, यासाठी वॉफर्ड आणि मार्टिन यांनीच खटपट केली होती. पुढे कोणत्या पदावर कोणता लायक काळा माणूस बसू शकतो याच्या याद्या मार्टिन तयार ठेवी. १९६६ साली रॉबर्ट वीव्हर पहिले काळे मंत्री झाले, १९६७ साली थर्गुड मार्शल सर्वोच्च न्यायालयात गेले, ते अशा माणसांच्या चिकाटीमुळे. आणि सिनेटच्या व्हरांड्यात क्लॅरेन्स मिचेल हा काळ्यांच्या संघटनेचा वकील इतका वावरत असे की, शंभर सदस्यांच्या त्या सभागृहात त्याला गमतीने एकशे एकावा सिनेटर म्हणत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर दक्षिणेच्या गोऱ्या सदस्यांनी भाषणांचा दळण दळून सिनेट अडवली होती. ती कोंडी १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी फुटली. २ जुलैला जॉन्सन यांनी सही केली आणि सही करताना सत्तराहून अधिक पेने वापरून ती वाटून टाकली. फोटोत किंग आहेत, जॉन्सन आहेत. मिचेल, मार्टिन यांची नावे तिकडेही अभ्यासकांनाच ठाऊक.

मात्र वकील म्हणून मला त्या कायद्यातली दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. हॉटेलात काळ्यांना मज्जाव करू नये असा कायदा अमेरिकेने १८७५ सालीच केला होता. १८८३ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. संविधानातील समतेची दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला नाही, असा निवाडा झाला. म्हणून १९६३ साली बर्क मार्शल आणि त्यांच्या न्याय खात्यातील वकिलांनी मसुदा करताना त्या कायद्याचा मुख्य आधारच बदलला. राज्याराज्यांमधल्या व्यापारावर केंद्राला जो अधिकार आहे, त्यावर त्यांनी हॉटेलप्रवेशाचे कलम टेकवले. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. न्याय तोच, अन्याय तोच, पण कोणत्या अनुच्छेदावर बोट ठेवायचे हे ज्याला कळले त्याने ऐंशी वर्षांपूर्वी हरलेला खटला जिंकला.

आणि इथे प्रत्येक भारतीयाची मान ताठ व्हायला हवी! माणसाच्या अब्रूसाठी व्यापाराचा आधार घेण्याची पाळी बाबासाहेबांनी आपल्यावर येऊ दिली नाही. अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट सरळ नावाने लिहिले आहेत. अनुच्छेद १७ खाजगी माणसालाही बांधतो. संविधानाच्या पानावर ‘तलाव’ हा शब्द का आला, हे ज्याला समजून घ्यायचे त्याने रत्नागिरीहून एस.टी. धरून महाडला उतरावे. १९२३ साली सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तो आपल्यापुरता मान्य केला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव होता, तो मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. ज्याने हे स्वतः भोगले त्याने मसुदा लिहिला, म्हणून शब्द एवढे नेमके पडले.

अलीकडे काही मंडळी बी. एन. राव यांचे नाव पुढे करून, संविधान बाबासाहेबांनी लिहिलेच नाही, अशी कुजबुज करीत असतात. त्यांना उत्तर द्यायला आपली मुले आवेशाने उभी राहतात, पण उत्तर बाबासाहेबांनी स्वतः देऊन ठेवले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राव यांच्या कच्च्या मसुद्याचे ऋण मान्य केले, मसुदा समितीच्या सदस्यांचे मानले, आणि एस. एन. मुखर्जी या मुख्य मसुदाकाराचे तर विशेष कौतुक केले. अवघड गोष्ट सोप्या कायदेशीर भाषेत बसवण्याची त्यांची हातोटी त्यांनी सभागृहाला सांगितली. ज्याचे काम मोठे असते त्याला दुसऱ्याचे श्रेय देताना हात आखडावा लागत नाही. राव सल्लागार होते. संविधान सभेचे सदस्य नव्हते, त्यांना मत नव्हते, कलमाच्या बाजूने उभे राहून बोलण्याचा अधिकार नव्हता. ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एकेकीला सभागृहात उत्तर देण्याचा मुख्य भार बाबासाहेबांवर होता, तोही आजारी शरीराने. सल्लागार आणि विधिकर्ता यांतला फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही. कृष्णन यांनाही हा फरक ठाऊक होता. त्यांच्याविषयी कृतज्ञ राहायला आपल्याला कोणाचे श्रेय कापावे लागत नाही.

शब्द नेमके पडले नाहीत तर काय होते, हे खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची कत्तल. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. सारा महाराष्ट्र पेटला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही, असे म्हटले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली आणि जातीय हेतू मानला नाही. का? कारण १९८९ च्या कायद्यातले कलम ३ (२) (५) म्हणत होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडलेला असला पाहिजे. ‘या कारणावरून’! आता मारणारा मारताना कारण लिहून देतो काय? जमिनीचा वाद होता, साक्ष दिल्याचा राग होता, असे काही तरी दुसरे कारण दाखवले की जात हे कारण गळून पडते. जणू गावात जमिनीचा वाद आणि जात या दोन वेगळ्या वस्तू आहेत! भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. कोर्टाच्या कागदावर त्यांच्या घरच्यांचा खून जातीमुळे झाला नाही.

दुसरा शब्दप्रयोग पाहा. जातीवाचक शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ झाली पाहिजे. कोकणातल्या कोर्टात या पाच-सहा शब्दांवर तासन् तास उलटतपासणी चालते. शिवी ओटीवर दिली की पडवीत? खळ्यात दिली तर खळ्याला गडगा होता का, गडग्यावरून पाखाडीवरचा माणूस दिसतो का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले की, घराबाहेरची हिरवळ रस्त्यावरून दिसत असेल तर ती लोकांच्या नजरेतली जागा आहे. २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात सांगितले की, चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. म्हणजे आमच्या बायामाणसे ज्या घरांत धुणेभांडी करायला जातात, तिथे दार लावून कितीही जात काढावी, कायदा दाराबाहेर उभा! ज्याने १९८९ साली हे शब्द लिहिले त्याच्या डोळ्यांपुढे गावचा चव्हाटा असेल. घरकाम करणारी बाई तिथे बसलेली नव्हती, आणि तिची बाजू सांगणाराही कोणी नव्हता.

या दोन्ही चुकांतली पहिली पुढे दुरुस्त झाली, ती कशी हे आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावे. २००९ साली देशभरच्या दलित-आदिवासी संघटना कायदा बळकट करण्यासाठी एकत्र आल्या. सेवानिवृत्त कृष्णन त्यांचे सल्लागार. त्यांनी नुसते निवेदन दिले नाही. कोणत्या कलमात कोणता शब्द काढावा आणि कोणता घालावा, असा कलमवार मसुदाच सरकारपुढे ठेवला. डिसेंबर २०१३ मध्ये विधेयक आले, मार्च २०१४ मध्ये वटहुकूम निघाला, तो व्यपगत झाला, सरकार बदलले, विधेयक पुन्हा आले, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केले. २६ जानेवारी २०१६ पासून ‘या कारणावरून’ गेले आणि त्याजागी आले की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ‘माहीत असताना’. एका गावातल्या माणसाला दुसऱ्याची जात माहीत नाही, असे कोण म्हणेल? शिवाय ओळख असेल तर ती माहिती होती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद आली. साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-अ आले. खैरलांजीच्या वेळी हे शब्द असते तर?

त्यानंतर २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे नेमक्या महाड सत्याग्रहाच्या दिवशी, सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी परवानगी आणि गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी अशा अटी घातल्या. प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलेच, कराडचे. २ एप्रिलचा भारत बंद झाला, माणसे मेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घातले आणि २०२० साली न्यायालयाने ते वैध ठरवले. रस्त्यावरचा रेटा काय करू शकतो याचे हे अलीकडचे उदाहरण. पण कलम १८-अ दोनच वाक्यांत, पळवाट न ठेवता लिहिले गेले म्हणून टिकले, हेही खरे.

बाबासाहेबांची पद्धत हीच होती. १९२८ साली महार वतनाच्या प्रश्नावर त्यांनी कायदे मंडळात विधेयक मांडले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि ते कोणासाठी तर रत्नागिरीच्या, कुलाब्याच्या कुळांसाठी. त्यात महार होते तसे कुणबी, आगरीही होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, तेव्हा नेत्याच्या हातात आधीच मांडलेले विधेयक होते. काँग्रेस सरकारने ते पुढे सरकू दिले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला आणि १५ मे १९५० पासून लागू झाला. बारा वर्षे गेली, पण आधी मसुदा आला तो सल्लागारांच्या खोलीतून नव्हे, विरोधी बाकावरून.

आज आपल्याकडे वकिलांची काय कमी आहे? पूर्वी तालुक्याला एक बौद्ध वकील नसायचा, आता बार रूममध्ये पाच-दहा जण सापडतात. पण जामीन, पोटगी, मोटार अपघात यापलीकडे आपण जात नाही. सरकार एखाद्या नियमाचा मसुदा राजपत्रात छापून हरकती आणि सूचना मागवते तेव्हा महिन्याभराच्या मुदतीत आपल्या किती वकिलांच्या सूचना मंत्रालयात पोहोचतात? मुदत संपल्यावर आपण निषेधाची सभा घेतो. त्या सभेला मी जातोच, भाषणही करतो. पण राजपत्र वाचायला कोणी एक जण बसवला पाहिजे, हे संघटनेच्या बैठकीत सांगितले की, लोक चहा मागवतात.

चांगल्या अधिकाऱ्याच्या भरवशावर राहण्यात दुसरा एक धोका आहे. कृष्णन कल्याण सचिव होते ते वर्षभरसुद्धा नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांचे सरकार पडले आणि वर्ष संपताना कृष्णन निवृत्त झाले. त्या काही महिन्यांत एवढे झाले ही त्यांची कर्तबगारी. पण आंबेडकरी समाजाचे चौतीस वर्षे अडलेले काम कोणी एक भला माणूस एका विशिष्ट खुर्चीत काही महिने बसेल की नाही, यावर अवलंबून राहावे काय? एस. आर. शंकरन हेही आंध्रचेच अधिकारी. सफाई कामगारांच्या चळवळीत उतरले, पद्मभूषण नाकारले, २०१० साली गेले. अशी माणसे कारखान्यात बनत नाहीत. आली तर त्यांच्या हाती द्यायला आपला मसुदा तयार असावा, आणि नाही आली तरी असावा.

सुरुवात दिल्लीतून करायची गरज नाही. १९९५ च्या ॲट्रॉसिटी नियमांतला नियम १७ काढून पाहावा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व सनियंत्रण समिती असते. तिची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा झालीच पाहिजे. पाचपर्यंत अशासकीय सदस्य अनुसूचित जाती-जमातींचे असतात, म्हणजे आपलेच. नियम १६ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीने जानेवारीत आणि जुलैत बसायचे असते. नियम ४ (५) म्हणतो की, पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी नामवंत वकिलाची नेमणूक करू शकतात. कलम १५-अ म्हणते की, खटल्याच्या कामकाजाचे चित्रीकरण व्हावे. रत्नागिरीच्या समितीवर जे सदस्य आहेत किंवा पुढे होतील, त्यांनी पुढच्या बैठकीला जाताना चारच गोष्टी लेखी विचाराव्यात. मागच्या वर्षात किती बैठका झाल्या, त्यांची इतिवृत्ते द्या. किती प्रकरणांत तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला? किती पीडितांना आपल्या पसंतीचा वकील मागता येतो हे कोणी सांगितले? आणि किती निकालांत आरोपी ‘लोकांच्या नजरेस पडेल’ या शब्दांवर सुटले, त्या निकालांच्या प्रती काढा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयातून मिळू शकते. कोकणातल्या चार जिल्ह्यांच्या अशा प्रती एकत्र झाल्या की, त्या कलमात काय बदल हवा हे सांगणारे पान लिहायला बसता येईल. लिहायला बसण्यासाठी माझ्या कार्यालयातले टेबल मोकळे आहे.